भाताच्या खोलीतली शिट्टी

हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला लागले, तेव्हा नांदे गावात एका शेतकरी कुटुंबाच्या माडीवर भाड्यानं राहत होते. मी मूळची लातूरकडची. तिकडून आलेल्या मुलीला हा भाग फारच हिरवा वाटायचा आणि घरमालकीण फारच स्पष्ट वाटायची. त्यांना मी काकू म्हणत असे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "एवढा पगार घेतीस, मग चहा इतका पानचट का करतीस?" तेव्हापासून सकाळचा चहा त्यांच्याकडेच झाला.

माझी एक मैत्रीण पुण्यात श्रवणतज्ज्ञ होती. शिकत असताना आम्ही मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलो होतो. ती कानाच्या चाचण्या करायची आणि मी प्रोग्राम लिहायचे, त्यामुळे एकमेकींच्या कामातलं आम्हाला फारसं कळत नसे. पण एका रविवारी जेवताना ती वैतागून बोलत होती, की मुळशीकडून लोक एसटीनं येतात, एकदा तपासतात, पुन्हा या म्हटलं की येत नाहीत. अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते, आणि कान दुखत तर नाही ना, मग कशाला जायचं, असा विचार करतात. तिच्याकडे आवाजबंद केबिन होती, त्यात तपासणीचं यंत्र, ऑडिओमीटर. "केबिन काही मी एसटीत घालून नेऊ शकत नाही," ती म्हणाली.

मी विचारलं, ते यंत्र काँप्युटरला जोडता येतं का. तिनं सांगितलं, नवीन आलंय ते येतं, अगदी पुस्तकाएवढं आहे, लॅपटॉपवरून चालतं.

त्यानंतर मला जेवण सुचलं नाही. कागदी रुमालावर मी तिला आकृती काढून दाखवली. लॅपटॉप आणि यंत्र गावात. ती पुण्यात आपल्या टेबलाशी. चाचणीचा आवाज इंटरनेटवरून पाठवायचाच नाही, कारण तो वाटेत तुटणार, उशिरा पोचणार. पाठवायचा तो फक्त हुकूम: उजवा कान, अमुक उंचीचा सूर, इतका हळू. सूर वाजवणार गावातलं यंत्र. माणसानं बटण दाबलं की किती वेळानं दाबलं, हेही गावातच मोजायचं आणि नुसता आकडा पुण्याला कळवायचा. मग नेट कितीही मंद असो, चाचणीत खोट येणार नाही. मैत्रीण रुमालाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हा रुमाल टाकू नकोस."

ही गोष्ट साधारण दोन हजार आठ-नऊच्या आसपासची. पुढचे कित्येक आठवडे मी कंपनीतून आले की माडीवर तेच करत बसायचे. मैत्रिणीनं यंत्र माझ्याकडे आणून दिलं होतं. कधी हुकूम पोचायचा पण यंत्र गप्प, कधी यंत्र वाजायचं पण उत्तर परत जायचं नाही. आणि एका संध्याकाळी मी हेडफोन घालून बसलेली असताना, कीबोर्डला माझा हातही लागलेला नसताना, उजव्या कानात बारीक शिट्टी वाजली. मैत्रिणीनं पुण्यात माऊस दाबला होता. मी बटण दाबलं. फोनवरून ती म्हणाली, "दिसलं. तुझा ठिपका आला." मी खुर्चीवरून उठून खोलीभर फिरायला लागले. पावलांचा आवाज ऐकून काकू वर आल्या. त्यांच्याही कानाला मी हेडफोन लावला. शिट्टी ऐकून त्या म्हणाल्या, "ही पुन्यातनं वाजतीया?" मग हेडफोन काढून मला म्हणाल्या, की त्यांच्या माहेरी, मुळशीला, निम्मं गाव बहिरं आहे, तिकडं चल.

काकूंचं माहेर धरणाकाठी. तिथं त्यांचे थोरले भाऊ शेती करत. काकूंची मुलं त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही मामा म्हणू लागले. मामींचा हात स्वयंपाकाला चांगला होता. शनिवार-रविवारी शहरातून येणाऱ्या मंडळींना त्या अंगणात तांदळाची भाकरी आणि चिलापी माशाचं कालवण करून घालत. चाळिशीच्या आतल्या असतील. अगदी हळू बोलायच्या, इतक्या हळू की पुढं वाकून ऐकावं लागे. काकूंचं आणि त्यांचं फारसं जमत नसे. वाटेत काकूंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, की वैनी गर्वाची आहे, हाक मारली तर वळूनसुद्धा बघत नाही, मनात असलं तर बोलते, नसलं तर भिंतीसारखी उभी राहते.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही सगळं सामान घेऊन तिथं पोचलो आणि पहिल्या तासातच अडलो. चाचणीला शांतता लागते. मैत्रिणीनं पुण्यातून लॅपटॉपच्या माइकवर घरातला आवाज ऐकला आणि नाही म्हणाली. ओसरीत कोंबड्या, मागं पाण्याची मोटर, रस्त्यावर सहलीच्या गाड्यांची गाणी. शाळेच्या खोलीत पत्रे वाजत होते. मामा म्हणाले, "मग भाताच्या खोलीत बसा." काढणी नुकतीच झाली होती. त्या खोलीत छतापर्यंत भाताची पोती रचलेली होती, मध्ये दोन माणसं बसतील एवढीच जागा. मी आत गेले, दार लोटलं, आणि कान दडपल्यासारखे झाले. टाळी वाजवली तर ती हातातच मेली. पोत्यांनी सगळा आवाज खाऊन टाकला होता. माइकवर ऐकून मैत्रीण म्हणाली, "ही माझ्या केबिनची बहीण आहे."

पण लॅपटॉपला इंटरनेट देणाऱ्या डाटा कार्डाची रेंज तिथं जेमतेम होती, सारखी तुटत होती. चांगली रेंज होती ती कौलांवर. तेव्हा मामांनी एक लांब बांबू आणला, मी बॅगेतली लांबलचक वायर काढली, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून बांबूच्या टोकाला बांधलं आणि बांबू पडवीच्या खांबाला उभा केला. वायर खिडकीच्या फटीतून आत घेतली. स्क्रीनवर दोन हिरव्या काड्या उभ्या राहिल्या. मामांनाही माझ्याइतकाच उत्साह आला होता. ते बाहेर उभे राहून बांबू थोडा धरणाकडं, थोडा डोंगराकडं वळवत होते आणि दर वेळी विचारत होते, वाढली का.

ओसरीवर एव्हाना म्हाताऱ्यांची रांग बसली होती. पण मैत्रिणीची अट होती: आधी चांगल्या कानाचं माणूस बसवायचं. त्याला बारीक सूर ऐकू आले, तर खोली आणि यंत्र दोन्ही ठीक, असं समजायचं. मी बसून पाहिलं, पण मला सूर कधी वाजणार हे स्क्रीनवर दिसत होतं, त्यामुळे ते तिला पटेना. काकू म्हणाल्या, "वैनीला बसवा. तिचं कान तिखट हायेत, फकस्त मन नसतं."

मामी चुलीपाशी होत्या. भाकऱ्या राहिल्यात म्हणाल्या, पाहुणे येतील म्हणाल्या. पण सगळेच बस म्हणायला लागले तेव्हा हात पुसून आत आल्या. मी त्यांना समोर बसून नीट समजावलं: हेडफोन लावते, पुण्याहून ताई बोलतील, मग बारीक शिट्ट्या वाजतील, वाजली की बटण दाबायचं. त्यांनी मान हलवली. सगळं त्यांना कळलं होतं. नेटवर भार नको म्हणून आम्ही कॅमेरा बंद ठेवला होता. स्क्रीनवर नुसत्या आडव्या-उभ्या रेघा.

मी दार लोटून त्यांच्या बाजूला बसले. मैत्रीण हेडफोनमधून बोलली असणार, कारण तिच्या आवाजाची पट्टी माझ्या स्क्रीनवर नाचत होती. मामी स्क्रीनकडे बघत बसल्या. पट्टी थांबली. पहिला सूर वाजल्याची खूण आली. त्यांनी बटण दाबलं नाही. दुसरा, तिसरा. नाही. मग एकदम लागोपाठ बटण दाबलं, तेव्हा काहीच वाजत नव्हतं.

प्रोग्राम बिघडला, असंच मला वाटलं. मी हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला. शिट्टी स्वच्छ येत होती. वायर बदलली, यंत्र बंद करून पुन्हा लावलं, परत त्यांच्या कानाला दिला. पुन्हा तेच. बाहेर एवढी माणसं बसलेली आणि मी आत घामाघूम झालेली. मी माइकवर मैत्रिणीला म्हटलं, की काहीतरी चुकलंय, आज होणार नाही बहुतेक.

मग लॅपटॉपच्या स्पीकरवर तिचा आवाज आला. "यंत्र बरोबर आहे. त्या फार हळू बोलतात का गं?"

मी हो म्हटलं.

"त्यांच्या मागं जाऊन उभी राहा आणि काहीतरी विचार."

मामींच्या कानावरचा हेडफोन मी पुन्हा काढून हातात घेतला होता. मी उठून पोत्यांच्या आणि त्यांच्या मधल्या जागेत गेले आणि म्हटलं, "मामी, आज कालवण कशाचं आहे?" त्या समोर बघत राहिल्या. मी थोडं मोठ्यानं विचारलं. भाताच्या कुसळाचा एक धागा त्यांच्या पदराला चिकटला होता, तो त्या शांतपणे काढत होत्या. मग मी पुढं येऊन बसले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं आणि त्यांना सगळं समजलं. त्या बंद दाराकडं बघून म्हणाल्या, "भाईर सांगू नका."

मी नाही सांगणार म्हटलं. सावकाश, ओठ नीट हलवून. मग त्या बोलल्या, त्यांच्या त्या हळू आवाजात. धाकट्याच्या बाळंतपणानंतर ऐकू कमी येऊ लागलं, दर वर्षी थोडं थोडं आणखी. माणूस समोर असला की ओठांवरून कळतं. पाठीमागून कुणी बोललं तर नाही. मामींच्या माहेरच्या एका बाईला बहिरी म्हणून सासरच्यांनी परत पाठवलं होतं. "गर्वाची म्हनत्यात, ते बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "भैरी म्हनन्यापरीस."

मैत्रिणीच्या केबिनमध्ये हे कळलं असतं का, ते आम्ही नंतर खूप वेळा बोललो. ती म्हणायची, कळलं असतंच, पण त्यासाठी मामी पुण्याला यायला हव्या होत्या, आणि त्या कधीच आल्या नसत्या. आणि इथं समोर चेहराच नव्हता. ओठ वाचणाऱ्या माणसाला रेघांमधून काय वाचता येणार?

मी तिचं प्रत्येक वाक्य मामींना समोरून सांगत होते. तिनं विचारलं, गडबडीत, गाडीत, उलट बरं ऐकू येतं का. मला प्रश्न विचित्रच वाटला. पण मामींनी चटकन वर बघितलं. "गिरनीत येतं," त्या म्हणाल्या. "भाताच्या गिरनीत समदी वरडत्यात, तितं मला बरं कळतं. तुमाला कसं ठावं?"

स्पीकरवर मैत्रिणीचा श्वास ऐकू आला. तिचा स्वर बदलला होता, भराभर बोलायला लागली. आधी नेहमीची चाचणी, मग हाडाची. मोठे सूर लावल्यावर मामींनी बटण दाबलं, अगदी मोठे लावल्यावर. ठिपके चांगल्या कानाच्या रेघेच्या खूप खाली पडत गेले. मग मी डोक्यावर बसणाऱ्या पट्टीला जोडलेला छोटा ठोकळा त्यांच्या कानामागच्या हाडावर बसवला. तो कानाच्या भोकातून आवाज नेत नाही, हाड थरथरवून थेट आतल्या कानाला पोचवतो. दुसऱ्या कानात मैत्रिणीनं खरखर सोडली, म्हणजे तो मध्ये पडू नये.

पहिला सूर वाजल्याची खूण आली आणि मामींनी बटण दाबलं.

मैत्रिणीनं सूर कमी केला. पुन्हा दाबलं. आणखी कमी. पुन्हा. आता तो इतका बारीक झाला होता, की मलाही शेजारी बसून ऐकू आला नसता. मामींचे डोळे मिटलेले, अंगठा बटणावर आणि चेहऱ्यावर असा भाव की कुणी तरी खूप दिवसांनी दारात येऊन उभं राहिलं आहे. हाडाच्या चाचणीचे ठिपके वरच राहिले. खालचे आणि वरचे यांच्यात केवढी तरी मोकळी जागा दिसत होती. मला त्या आलेखातलं काही कळत नव्हतं, तरी मी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"आतला कान चांगला आहे," मैत्रीण म्हणाली. "मधलं एक बारीक हाड घट्ट बसलं असावं. म्हणून स्वतःचा आवाज त्यांना हाडातून मोठा वाटतो आणि त्या हळू बोलतात; गिरणीतला गोंगाट आत शिरत नाही, लोकांचं ओरडणं तेवढं पोचतं. बाळंतपणानंतर वाढतं हे. डॉक्टरांना दाखवायला हवं, इथं केबिनमध्ये पुन्हा तपासायला हवं, पण याला ऑपरेशन असतं. सांग त्यांना."

मी सांगितलं. मामी ऐकून घेत होत्या, म्हणजे माझ्या ओठांकडं बघत होत्या. मग त्यांनी कानामागच्या ठोकळ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "परत वाजवा."

मैत्रिणीनं त्यांच्यासाठी पुन्हा वाजवलं. चाचणीत त्याची काही गरज नव्हती.

बाहेर आल्यावर काकूंनी विचारलं, कसं निघालं. मी म्हटलं, यंत्र चालतंय, आता बाकीच्यांना बसवू. मामी माझ्याकडं न बघता चुलीपाशी गेल्या. मी एकेका म्हाताऱ्याला आत घेऊ लागले. दोघा-तिघांच्या कानात नुसता मळ होता, बाकीच्यांचं वयाचं बहिरेपण. त्यांतला एक शिट्टी ऐकू आली की बटण दाबायच्या ऐवजी "व्हय" म्हणायचा. पण माझं निम्मं लक्ष बाहेर होतं. मध्येच दार उघडलं तेव्हा दिसलं, की मामी आणि मामा घराच्या मागं, धरणाकडं उतरणाऱ्या पायवाटेवर उभे आहेत. मामी बोलतायत. मामा ऐकतायत. भाकऱ्या काकू थापत होत्या आणि पुटपुटत होत्या.

थोड्या वेळानं मामा खोलीत आले. पोत्याला टेकून उभे राहिले. त्यांनी मला एकच विचारलं, "ऑपरेशन म्हंजी कान कापत्यात का?"

मी माइकवर मैत्रिणीला विचारलं. तिनं त्यांना समजावलं, की कान कापत नाहीत, आतून करतात, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान हाड असतं. मामांनी खाली वाकून पोत्याजवळ सांडलेला एक दाणा उचलला आणि तो बोटावर घेऊन बराच वेळ बघत बसले.

काकूंना त्याच दिवशी सांगितलं ते मामींनीच, जेवणं झाल्यावर, सगळ्यांसमोर. काकू रागावल्या. "मग सांगायचं न्हाई व्हय? आमी काय खाल्लं असतं तुला?" मामी म्हणाल्या, "भ्या वाटलं." काकूंनी भांडी उचलली आणि घासायला घेतली. मी त्यांना मदत करायला गेले तेव्हा त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "मी लई बोलले गं तिला. पाठीमागनं तर लईच. ते तिनं ऐकलंच न्हाई, ह्ये बरं झालं का वाईट, ते मला कळंना." पुढच्या आठवड्यात मामींना घेऊन डॉक्टरांकडे जाणाऱ्यांत काकू होत्याच. एसटीत मामींच्या शेजारी बसायच्या ऐवजी त्या समोरच्या सीटवर तोंड मागं करून बसल्या, बोलताना दिसावं म्हणून. मुळशीपासून पुण्यापर्यंत तशाच. मळमळ झाली, पण वळल्या नाहीत.

डॉक्टरांनी मैत्रिणीचा अंदाज बरोबर ठरवला. पावसाळ्याआधी एका कानाचं ऑपरेशन झालं. कानातली पट्टी काढायच्या दिवशी मी मुद्दाम रजा घेतली. मला वाटत होतं, काही तरी मोठं घडेल, त्या रडतील. तसं काही झालं नाही. डॉक्टरांनी पट्टी काढली, मामी थोडा वेळ इकडं तिकडं बघत राहिल्या आणि मग वर पंख्याकडं बोट दाखवून नवऱ्याला म्हणाल्या, की हा फार करकरतोय. मामा हसले आणि हसता हसता भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. पहिले काही दिवस मामींना सगळ्याचा त्रासच झाला. भाकरी थापल्याचा, बांगड्यांचा, कोंबड्यांचा. घरात एवढा गोंगाट असतो हे विसरलेच होते, म्हणाल्या. त्या मोठ्यानं बोलायला लागल्या नाहीत, ती सवय तशीच राहिली.

भाताची खोली उन्हाळ्यापर्यंत रिकामी होत गेली. पोती विकली जात, तसा आवाज परत येऊ लागला. मैत्रीण पुण्यातून कुरकुरायची की आज घुमतंय. मग आम्ही गावातल्या गोधड्या गोळा करून भिंतींवर टांगल्या. भारनियमनात लॅपटॉप मध्येच मान टाकायचा. एकदा वानरांनी बांबू पाडला आणि कार्डाची पिशवी पळवली, ती कौलांवर सापडली. तरी दर महिन्याचा एक रविवार आम्ही चुकवला नाही. मला त्या दिवसांत कंपनीतलं काम बेचव वाटायचं. तिथं मी लिहिलेलं कुठल्या देशात कोण वापरतं, तेही माहीत नसे. इथं मी ओळ बदलली, की पुढच्या रविवारी एखादं माणूस बटण दाबायचं.

पुढच्या वर्षी मुठा खोऱ्यातल्या एका गावातून बोलावणं आलं. तिथं आम्हाला एका घराची आतली खोली मिळाली. बायका दाराशी घोळक्यानं उभ्या, पण आत यायला कुणी तयार होईना. ऐकू येतं की आम्हाला, असं म्हणायच्या. मामी माझ्याबरोबर आल्या होत्या. त्या दाराशी गेल्या, एका वयस्क बाईसमोर उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात काहीतरी बोलल्या. काय ते मला ऐकू आलं नाही. त्या बाईनं मागं वळून सुनेकडं पाहिलं, पदर सावरला आणि माझ्याजवळ येऊन पाटावर बसली. मी हेडफोन पुसून तिच्या कानांवर ठेवला आणि पुण्याला कळवलं, की आम्ही तयार आहोत.